नवीची सिगारेट

"तू ओढतेस का?" सुपरवायझरबाईंनी विचारलं.

नवीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. तिनं विचारलं होतं एक आणि बाई विचारत होत्या भलतंच. सासूबाई बाळाला घेऊन मागच्या दाराशी येतील, तेवढा वेळ मला बाहेर सोडाल का, एवढंच तर तिचं म्हणणं होतं. बाळ बाटलीला तोंडच लावत नव्हतं. चमच्यानं पाजायला जावं, तर फुर्र करून सगळं दूध आजीच्या अंगावर! नवीला कामावर लागून जेमतेम आठवडा झाला होता आणि तेवढ्यात बाळाचे गाल पार उतरले होते.

"छे हो बाई! मी कशाला ओढू?"

"मग कठीण आहे." बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. "इथे मधे उठून बाहेर जायला फक्त ओढणाऱ्यांना मिळतं."

ते मात्र खरं होतं. छत्र्यांचा कारखाना तो. जिकडे पाहावं तिकडे कापडाचे तागे आणि गोंदाचे डबे. आत कुणी काडी पेटवली तर खेळ खलास. म्हणून ओढणाऱ्यांनी मागच्या पायऱ्यांवर जायचं, अशी मालकांनीच सोय केली होती. मालक स्वतः पट्टीचे ओढणारे, त्यामुळे माणसाची ही एकच गरज त्यांना मनापासून पटलेली. बाकीच्यांचा चहासुद्धा मशीनवरच यायचा. आणि पोरंबाळं? गेल्या वर्षी एका बाईनं आपल्या मुलाला टेबलाखाली झोपवलं होतं. मालक म्हणाले, "ज्याला घर सांभाळायचंय त्यानं घरीच बसावं." ती दुसऱ्या दिवसापासून घरीच बसली.

"नीट आठवून बघ," बाई म्हणाल्या.

पलीकडे कापड कापणारे कात्रीकाका उगाचच मोठ्यानं खाकरले. नवीनं वळून पाहिलं. काका डोळे वटारून जोरजोरात मान हलवत होते. अगं, हो म्हण! हो म्हण की!

"ओढते," नवी म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले. "म्हणजे... कधीतरी."

"कधीतरी नाही चालायचं. सकाळी एक, दुपारी एक. सवय म्हणजे सवय."

अशी नवी सिगारेटला लागली.

ओढणाऱ्यांचीही एक रीतभात असते, हे तिला तेव्हा कळलं. जाताना शेजारणीला नुसती खूण करायची, ती आपलं काम गुपचूप पुढे सरकवते. बाहेर बसलेल्याला "झाली का?" असं विचारायचं नाही. आणि ही रीत तर कुणी सांगितलीसुद्धा नव्हती, की नवी आली रे आली, पायऱ्यांवरची सगळी मंडळी हातातल्या सिगारेटी घेऊन पार कुंपणाच्या टोकाला जायची, वाऱ्याची दिशा बघून, पाठ करून. कात्रीकाकांनी तिला शिवण वाकडी गेलेली एक भलीमोठी निळी छत्री आणून दिली. "ऊन लागतं," म्हणाले. पायऱ्यांवर दिवसभर सावली असायची.

सासूबाई तर भलत्याच रंगात आल्या. बाळाला घेऊन कुठे निघालात, असं शेजारीण विचारायची. "सुनेची सिगारेट पोचवायला!" त्या ठसक्यात सांगायच्या. बाळाच्या गालांना पुन्हा खळ्या पडू लागल्या.

नवीला राहवेना. "काका, तुम्हा सगळ्यांचे उपकार मी कसे..."

"गप गं. ओढणारे एकमेकांना सांभाळून घेतातच."

मालक वरच्या गॅलरीत ओढायचे, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका दुपारी गॅलरीला रंग लावायला माणसं आली आणि मालक सिगारेट ओठांत धरून थेट मागच्या दाराशी हजर. सुपरवायझरबाई धावत जाऊन दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, जरा थांबा. बाहेर नवी ओढतेय."

"मग? मीही ओढायलाच आलोय."

"मोठ्यांसमोर लाजते हो ती."

"अरे वा, संस्कारी दिसते!" असं म्हणून मालकांनी दार ढकललंच.

पायरीवर निळी छत्री उघडी होती. तिच्या कडेनं बाहेर आलेला एक इवलासा पाय हवेत सायकल चालवत होता. मालक बघतच राहिले. आणि नेमका तेव्हाच छत्रीमागून एक खणखणीत ढेकर आला.

आतली मशीनं एकेक करत थांबली. नवीनं बाळाला घट्ट धरलं. संपलं. उद्यापासून आपणही घरीच. तरी तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की एवढे दिवस पोराला पोटभर मिळालं, या माणसांमुळे मिळालं.

"साहेब, खोटं मी बोलले," बाई म्हणाल्या. "तिला घालवायचं तर आधी मला घालवा."

मालकांनी ओठांतली सिगारेट काढून पाकिटात परत ठेवली. मग आत वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्यापासून मागच्या पायऱ्यांवर कुणीही सिगारेट ओढायची नाही."

कात्रीकाकांनी मान खाली घातली.

"फक्त हिनं ओढायची," मालक म्हणाले, "आणि सावकाश."