आईचं घोरणं

“घरात कोण घोरतं?” शाळेत आलेल्या झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी पाचवीच्या वर्गाला विचारलं. बाबा, आजोबा, मामा अशी उत्तरं आली आणि जो तो नक्कल करून दाखवू लागला. वर्ग हसून हसून बेजार झाला.

“आणि आई कुणाची घोरते?”

एकही हात वर झाला नाही. बाई वाट पाहत राहिल्या. शेवटी रेवतीने अर्धा हात वर केला. “माझी. पण ती स्वयंपाकघरात दार लावून झोपते, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.”

“कशी घोरते, दाखव बरं.”

रेवती घोरली आणि मध्येच गप्प झाली. बऱ्याच वेळाने तिने दचकून मोठा श्वास घेतला. “असं थांबतं. मग ती दिवसभर पेंगते. आजी म्हणते, आळशी आहे.”

“आळस नाही, बाळा. झोपेत तिचा श्वास अडतो. त्यावर उपचार आहे. तिला माझ्याकडे घेऊन ये.”

“नाही यायची. लाजते.”

“मग सांग, मीपण अशीच घोरायचे.”

“खोटं.”

बाईंनी डोळे मिटले आणि वर्गासमोर घोरून दाखवलं, अगदी मधल्या थांबण्यासकट.