वाकडी पिन

"आबा, हटिए ना, मैं लगाती हूँ," हिंदीतच वाढलेली नात पायल म्हणाली.

आबा म्हणजे बाबूराव काही हटले नाहीत. मानक नगरच्या त्या छोट्या खोलीत टेबलाखाली मांडी ठोकून बसले होते. हातात मॉनिटरची जुनी वायर. निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रूवाली. इतकी दणकट, की तिनं बांधून मालगाडी आलमबागपर्यंत ओढता येईल, असं ते शपथेवर सांगत. रेल्वेत जन्म गेलेला माणूस, आपण कशाला वाद घालायचा?

जुना मॉनिटर मंगळवारी फट् करून गेला. आज नातीनं नवा आणला होता, पापडासारखा पातळ. सोबत त्याची बारकुडी वायर.

"ये एचडीएमआय है, डिजिटल. आपकी वाली में कलर गड़बड़ आते हैं."

"माझ्यात चांगले येतात."

"एक बार देखिए तो सही."

कंप्यूटरच्या डब्याच्या मागे दोन्ही वायरींना जागा होती. पायलनं बारकुडी खोचली, बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला. तोच, जो रोज यायचा. लग्नातली लीलावती, विहाराच्या पायरीवर, हातात फुलं.

"अरे! दादी की साड़ी सफ़ेद थी? मैं तो बचपन से पीली समझती थी!"

पांढरीशुभ्र साडी, निळे काठ. चेहरासुद्धा किती स्वच्छ. बाबूराव टेबलाखालून बाहेर आले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. लीलावतीला जाऊन चौदा महिने झाले होते. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते हिच्यासमोरच बसत.

"ही नको," ते म्हणाले. "जुनी लाव."

"क्यों? इतना साफ़ तो है."

"साफच आहे. म्हणून नको."

पायलनं जुनी वायर हातात घेतली आणि तिच्या तोंडात डोकावली. "ये देखिए! एक पिन तो मुड़ी पड़ी है. नीला रंग जाता ही नहीं था, इसीलिए सब पीला. चिमटी दीजिए, दो मिनट में सीधी कर दूँगी."

"हात लावायचा नाही!"

एवढ्या जोरात ओरडले, की पायल दचकली. तेही दचकले. मग खुर्चीवर बसले.

"मीच वाकवली ती. उलटी घुसवत होतो, जाईना, म्हणून दिला धक्का."

"ज़िंदगी भर रेल के डिब्बे जोड़े, और ये उलटी?"

"डब्यांचं जोडकाम वेगळं असतं गं. धक्का दिल्याशिवाय बसतच नाही. मलाही यायची सरळ करता. नाही केली."

पायलनं वायर टेबलावर ठेवली.

"आमच्या लग्नात हळद नव्हती. माझे बाबा कडक. म्हणाले, हळद वरणात घालायची, माणसाला नाही. अर्ध्या तासात लग्न आटोपलं. लीला तेव्हा काही बोलली नाही. नंतर फक्त बत्तीस वर्षं बोलली."

"फिर?"

"मग ही पिन वाकली. बघतो तर पडद्यावर बाई पिवळीधमक. लीला अशी हसली, अशी हसली, की निशातगंजचे सब्जीवाले दुकानं टाकून बघायला आले."

"झूठ!"

"बरं, एक आला. तोही शेजारच्यांकडे भेंडी द्यायला." बाबूराव हसले, पण हसू पुरलं नाही. "रोज संध्याकाळी म्हणायची, लावा हो कंप्यूटर, मला हळद लावा. मग माझ्याकडे बघून म्हणायची, तुम्ही मात्र कोरडेच राहिलात."

पायलनं वाकून नव्या मॉनिटरच्या पाठीमागचं निळं तोंड शोधलं. जुनी वायर सुलट धरली, हळूच बसवली, वाकड्या पिनेला धक्का न लावता. दोन्ही स्क्रू आवळले. बारकुडी गुंडाळून खिशात टाकली.

पडदा काळा झाला. लुकलुकला.

मग लीलावती आली. साडी पिवळी, फुलं पिवळी, कपाळ, गाल, हात, सगळं पिवळं.

बाबूरावांनी बोट पुढे केलं, पडद्यावरच्या तिच्या गालाला टेकवलं. पायल बघत होती, तरी लाजले नाहीत. तेच बोट त्यांनी उचललं, आणि जपून, काही सांडू नये असं, स्वतःच्या गालाला लावलं.