सह्यांचा क्रम

"'तीव्र निषेध' नको, 'खेद' म्हणा. उद्या अनुदान अडलं तर?" अध्यक्ष म्हणाले.

कल्याणीच्या एका कवितेवरून काल तिच्या घरावर दगड पडले होते. आज वाचनालयात गावातले विचारवंत निवेदन काढायला जमले होते आणि दुपारपासून एकाच शब्दाचा काथ्याकूट चालला होता. मग सह्यांचा क्रम निघाला. "अमक्याच्या खाली माझं नाव येणार असेल तर मला वगळा," समीक्षक फुरंगटले. कुणीतरी भजी मागवली. मसुदा पुन्हा पुन्हा लिहून काढणाऱ्या बोधनकर सरांना त्या तेलकट बोटांची, त्या चवीने चाललेल्या संतापाची शिसारी आली. पण बोलायचा धीर होईना.

दाराशी बसलेली कल्याणी उठली. "अंधार पडला की परत येणार म्हणालेत ते. घरात मी आणि आई दोघीच. सोबतीला कोण येतं?"

कुणी चष्मा पुसू लागलं, कुणाला गोळ्यांची वेळ आठवली. "बाळ, आपलं हत्यार लेखणी," अध्यक्ष म्हणाले. सरांची मान सवयीने होकारार्थी हलली, आणि तिथे मात्र त्यांना स्वतःचीच किळस आली.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी येतो."

"तुम्ही?" समीक्षकांना हसू आवरेना. "अहो सर, तुम्ही तर गल्लीतल्या कुत्र्यालाही भिता!"

"भितो की," सर म्हणाले आणि दाराबाहेरच्या ढिगात आपल्या चपला शोधू लागले.