आजोबा, जेवा हं!

थोरल्या नातीचं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला. हनोईच्या इस्पितळात पेज नीट गिळायचे, घरी ठसका लागायचा. डॉक्टर म्हणाले, "घास फुप्फुसात गेला तर नाकातून नळी घालू." म्हणून गिळायला शिकवणारी थुई आमचं जेवण बघायला आली. एकेक नातवंड चटईवर बसताना रिवाजाप्रमाणे म्हणालं, "आजोबा, जेवा हं!" घास तोंडात असूनही हे प्रत्येकाला "तूही जेव" म्हणाले आणि ठसकले. थुई म्हणाली, "उत्तर देऊ नका. हनुवटी छातीला टेकवून मान तुकवा, तसंच गिळा." "मुका होऊ?" हे गुरकावले. मी म्हणाले, "साठ वर्षं बोललात, पुरे की!" तेव्हापासून पोरं घासाघासाला आग्रह करत आणि हे मान तुकवत. नळी लागलीच नाही. तिसऱ्या वर्षी, टेट या नववर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी, वाटीभर पेज जेवून हे झोपेत वारले.