कमी धुराचं गाव

मंदार साहेबांनी सन्मानचिन्ह आवडाबाईंच्या हातात ठेवलं आणि घड्याळात पाहिलं. क्रेन अजून पोचली नव्हती.

आवडाबाई गावच्या सरपंच. डोक्यावरचा पदर सावरत त्या भाषण ऐकत होत्या. वीज कार्यालयाचे हे तरुण इंजिनिअर सांगत होते की प्रगती हवी पण धूर नको, हे कोडं भल्याभल्या विद्वानांना सुटत नाही. गंगापूरकडच्या या एवढ्याशा गावानं ते सोडवून दाखवलं. विजेचा वापर पाव हिश्श्यावर आणला. कार्बन घटवला. विहिरी आटल्या म्हणून मोटारी बंद आहेत, हे लोकांनी त्यांना आल्या आल्याच सांगितलं होतं. पण भाषण छापून झालं होतं.

टाळ्या संपल्या आणि क्रेन आली. डीपीला, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरला, साखळ्या लागल्या. इतक्या कमी वापराला इतका मोठा डीपी लागत नाही, साहेबांनी समजावलं. शहरात बायपासला मॉल होतोय, तिथं हवाय. गावाला छोटा डीपी मिळेल, यादीत नाव टाकलंय. यादी बरीच लांब होती.

डीपी गेला की गावातला एकमेव जिवंत बोअर बंद. माणसं आणि जनावरं त्या एका बोअरवर तगून होती. आवडाबाई उठल्या आणि क्रेनच्या चाकापुढं जाऊन बसल्या.

"वीज जाळली नाय म्हणून आमाला हार घातला," त्या म्हणाल्या, "आन् जाळली नाय म्हणूनच डीपी नेता व्हय?"

"सरपंचबाई, नियम आहे. विजेचा भार असेल तर डीपी राहतो. सोमवारपर्यंत भार दाखवा, मीच तसं लिहून देतो."

बाई हलाव्यात म्हणून साहेब बोलून गेले. बाई हलल्या, पण डीपीच्या साखळ्या सोडवून घेऊनच.

सोमवारी साहेब आले तेव्हा वैशाखाचं ऊन माथ्यावर होतं. लग्नाच्या मांडवातले हॅलोजन भर दुपारी पेटलेले. गिरणी दाण्यावाचून फिरत होती. ओट्याओट्यावर विजेच्या शेगड्या लालभडक, वर भांडं नाही, आणि भोवती घामानं निथळणाऱ्या बाया. डीपी नुसता घुमत होता.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

आवडाबाईंनी शेगडीवरची नजर काढली नाही.

"विकास, साहेब. जरा लांब उभं राहा, चटका बसंल."