आकडा पासष्टवर येईपर्यंत

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. कारण यात मी काही फार हुशार ठरत नाही. असो.

लंबू, म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि जाताना माझ्या गळ्यात दोन कामं मारून गेला. एक, त्याच्या आईच्या टोमॅटोची रोपं. दुसरं, त्याचे वडील.

"रोपं हे निमित्त रे," तो म्हणाला. "बाबा एकटे राहू शकतात का, ते बघ. विसरायला लागले असं वाटलं तर सांग. घर विकतो आणि त्यांना माझ्याकडे आणतो. पण खरं सांगायचं हं."

मी हो म्हटलं. मला तरी कुठे काय काम होतं? मी ज्या फोटोच्या दुकानात होतो ते बंद पडून चार महिने झालेले. दिवसभर पंख्याची पाती मोजत पडून राहायचो.

रोपांचा तंबू म्हणजे कपाटाएवढी कापडी खोली. आतून चंदेरी, वर दिवा, कोपऱ्यात वाफेचं यंत्र, हवेतला दमटपणा दाखवणारं मीटर, समोर लांब चेन. तो लावला होता काकींच्या, म्हणजे लंबूच्या आईच्या, शिवणखोलीत, बरोब्बर मशीनच्या जागी. मशीनच्या पायांचे चार खड्डे फरशीवर अजून आहेत. लहानपणी मी नि लंबू त्या मशीनखाली बसून अभ्यास करायचो, म्हणजे भांडायचो. खिडकीत तेलाच्या डब्यांत काकींचे टोमॅटो. पिकला की मीठ लावून अर्धा त्याला, अर्धा मला. मोठा अर्धा मला मिळायचा, म्हणून लंबू अजून टोमणे मारतो.

काकी गेल्या तेव्हा औषधाच्या बाटलीत अकरा बिया उरल्या होत्या. नऊ उगवल्या. ही नऊ गेली की संपलं.

रोप कोवळं असतं तेव्हा मुळांना फारसा जोर नसतो. म्हणून आतली हवा दमट लागते, पासष्ट टक्क्यांच्या वर. कोरडी पडली की पानं कडेनं वळायला लागतात. हे सगळं मी मोबाइलवर बघून शिकलो. खत मात्र चुकवलं. मायेनं दुप्पट घातलं आणि दोन दिवसांत पानांची टोकं करपली.

काका दारातून बघत होते. तीस वर्षं सूतगिरणीत काढलेला माणूस, बोलणं मोजकं.

"उपाशी दिसला म्हणून एकदम पोटभर घालायचं नसतं," म्हणाले. "थोडं थोडं. पण रोज."

"तुम्हाला काय कळतं हो काका यातलं?"

"काही नाही रे." मग नाक जरा वर केलं. "अठ्ठावन्न."

मीटरवर अठ्ठावन्नच होतं. म्हटलं, लागला तुक्का.

सुरुवातीला मी एक दिवसाआड जायचो, पाच मिनिटं थांबायचो. मधे चार दिवस गेलोच नाही. अंथरुणातून उठावंसंच वाटेना.

त्यानंतर काका विसरायला लागले.

संध्याकाळी सहाला गेलो तर तंबूची चेन उघडी, वाफेचं यंत्र बंद, आकडा एक्केचाळीस.

"अरेच्चा, दुपारी पाणी बघायला उघडली होती. तशीच राहिली वाटतं."

"काका, मरतील ना रोपं!"

"मग थांब जरा. आकडा वर येईपर्यंत बस. तोवर दोन घास खा, भाजी जास्त झालीय."

आकडा वर यायला पाऊण तास लागायचा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. 'चेन लावा' अशी चिठ्ठी मी तंबूवर चिकटवली. ती त्यांनी काढून चष्म्याच्या घरात ठेवली. का, तर हरवू नये!

आता रोज जाणं भाग होतं. जेवताना काका गिरणीतलं सांगायचे. हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटायचं, म्हणून आयुष्यभर फक्त हवाच सांभाळली, वगैरे. माझं अर्धं लक्ष ताटात. "ताट रिकामं झाल्याशिवाय तुझी काकी तुला उठू द्यायची नाही," म्हणायचे, आणि मी हसायचो. घरी परतताना लक्षात यायचं की आज आपण हसलो.

पण हिशोब सरळ होता. बावीस दिवसांत एकोणीस वेळा विसरले. रविवारी लंबूला सांगायचं होतं. सांगायचं म्हणजे हे घर गेलं, ही खोलीसुद्धा.

शनिवारी मीटर पुसताना मागचं बटण दाबलं गेलं. दिवसभराचे आकडे एकेक दिसायला लागले. बाराला सहासष्ट. तीनला सदुसष्ट. पाचला अडुसष्ट. सहाला बेचाळीस.

म्हटलं, मीटर बिघडलं.

रविवारी दहा मिनिटं लवकर पोचलो. दाराबाहेर चप्पल काढतोय, तर आतून आवाज आला. सर्रर्र. चेन. मग यंत्राचं बटण, खट. मग टेबलावर ताट ठेवल्याचा आवाज. मग दुसरं ताट.

मी जिन्यात बसून राहिलो. बरोब्बर सहाला बेल वाजवली.

"आजपण राहिली बघ उघडी," काका म्हणाले.

"तुमचं काही खरं नाही काका," म्हटलं, आणि ताट पुढे ओढलं.

आकडा त्रेसष्टवर असताना लंबूचा फोन आला.

"सांग. विसरतात?"

"काहीही विसरत नाहीत. घर विकायचं नाव काढू नकोस."

"सुटलो! आणि रोपं? मोठी झाली असतील. तंबू काढून टाक आता, तूही सुटशील."

समोर काका माझ्याकडे न बघता माझ्या ताटात आणखी भाजी वाढत होते.

"नाही रे, एक फार नाजूक आहे अजून," मी म्हटलं. "तंबू राहू दे. मी रोज सहाला येईन. वचन देतो."