ऊब

थंडी तोंडावर आली आणि वर्माँटच्या त्या घरातल्या शेगडीनं मान टाकली. मेपलचं कितीही सुकं लाकूड घाला, तिच्यावरच्या तापमापकाचा काटा हलायला तयार नाही, आणि धुराड्यातून नुसता काळा धूर.

“रंगवलेलं लाकूड घातलंस ना आत?” ऑरिन बायकोला म्हणाला. “धूर जाळणारी जाळी मरते त्यानं. आमची वर्ना रंगीत कागदसुद्धा घालू द्यायची नाही.”

वर्ना, वर्ना! लोरेनच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या सवतीची निळी झुलती खुर्ची तिनंच तर तोडून जाळली होती.

“मग बोलव की तिला,” ती फणकारली. “येऊन पेटवून देईल.”

नवी जाळी बसवली. तरी शेगडी थंडच. पण लोरेन लाकडं आणायला बाहेर गेली, की परत येईपर्यंत काटा चढलेला असायचा आणि ऑरिन बाह्या सारून पेंगत असायचा. ती जवळ बसली, की काटा पुन्हा खाली.

आज संध्याकाळी लाकडं कवेत घेऊन ती दाराच्या काचेशी मुद्दाम थांबली. धुराड्यावर धुराचा मागमूस नव्हता. आत शेगडीतली जाळी लालभडक झाली होती. खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या ऑरिननं पाय जवळ ओढून घेतले, कुणाला वाट द्यावी तसे.

लोरेननं दार जरासं ढकललं.

“दार लावून घे गं,” ऑरिन झोपेतच म्हणाला. इतक्या लाडानं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. “ऊब जाते.”

तो जागचा हललाही नाही. दार लोरेनच्या हाताखालून अलगद मिटलं, आणि आतली कडी सरकली.